इंजिनाची टिकटिक: ऐकायचं काय आणि खोलायचं कधी

शिर्डीचं दर्शन उरकून शनिशिंगणापूरला निघालेली गाडी राहुरीवरून सोनईत येते. उसाचा हंगाम असेल तर मुळा कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रखडत येते. तोवर काचा वर, एसी चालू, गाणी चालू. गावात गर्दीत गाडी एखाद्या भिंतीलगत थांबते, कुणीतरी काच खाली करतं आणि भिंतीवर आपटून परत आलेला आवाज पहिल्यांदा कानावर पडतो. टिक टिक टिक टिक. आवाज कदाचित महिनाभर येतच असतो, ऐकू मात्र आज आला. मग रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर बॉनेट उघडतं आणि दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं. ‘टॅपेट वाजतंय, काही होत नाही, चालवा बिनधास्त.’ किंवा ‘दादा, आत काम निघालंय, इंजिन खोलावं लागेल.’

ही दोन्ही वाक्यं कधी बरोबर असतात, कधी साफ चूक. पहिलं चुकलं तर पुढच्या प्रवासात इंजिन जाम होतं, दुसरं चुकलं तर धडधाकट इंजिन खोललं जातं. आपल्या भागात दुसरी चूक जास्त होते असं माझं मत आहे. त्याचं कारण मेकॅनिकच्या अडाणीपणात शोधायचं काही कारण नाही. ते कारण पैशाच्या व्यवहारात आहे आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी आवाजाबद्दल.

पेट्रोल असो, डिझेल असो, आजची मोटार फोर-स्ट्रोक इंजिनावर चालते. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट साधारण साडेसहा वेळा. म्हणजे एकच टॅपेट ढिला असेल तर सेकंदाला सहा-सात टिक यायला हव्यात. एखादा स्पार्क प्लग ढिला होऊन तिथून कॉम्प्रेशन निसटत असेल तरी तेवढ्याच. एका सिलिंडरचा सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड फुटला असेल तरी तेवढ्याच. आवाज त्याच्या दुप्पट वेगाने येत असेल तर संशय क्रँकच्या बाजूला, फ्लायव्हीलकडे किंवा खालच्या पुलीकडे जातो. आणि अॅक्सिलरेटर दाबला तरी टिकटिकीचा वेग बदलतच नसेल, तर ती इंजिनाच्या फिरत्या भागांतली नाही, हे तिथल्या तिथे ठरतं.

सेकंदाला सहा आणि तेरा यांतला फरक कानाने मोजता येत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. जुने मेकॅनिक त्यासाठी टायमिंग लाइट वापरत. पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला तो लावला की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा दिवा लुकलुकतो. टिक आणि लुक एकत्र पडले तर आवाज कॅमच्या चालीचा. आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, वायरच नसते, त्यामुळे ही युक्ती बऱ्याच गाड्यांवर चालत नाही. पण खिशातल्या फोनमध्ये आवाज टिपून तो अर्ध्या किंवा पाव वेगाने ऐकता येतो आणि मग पाच सेकंदांतल्या टिका शाळकरी पोरगंही मोजेल. टॅकोमीटरचा आकडा शेजारी लिहून ठेवला की झालं. गावाकडच्या गॅरेजात हे करताना मी अजून फारसं कुणाला पाहिलेलं नाही, याचं मात्र नवल वाटतं.

हे मोजण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवावी लागते: हा आवाज दोषाचा आहे की कामाचा? अलीकडच्या गाड्यांत कामाचे आवाज पुष्कळ वाढले आहेत. कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर टिकटिकतातच. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांचा उच्चदाब पंप कॅमवर चालतो आणि शिवणयंत्रासारखा वाजतो. नवीकोरी गाडी घेतलेला माणूस त्या आवाजाने शोरूमला परत जातो आणि सेल्समन त्याला समजावता समजावता थकतो. पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनात ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह इंजिन गरम झाल्यावर आपल्या लयीत टकटक करतो आणि त्या लयीचा इंजिनाच्या फेऱ्यांशी संबंध नसतो. सीएनजी गाड्यांचं तर विचारूच नका. गॅसच्या रेलवरचे इंजेक्टर इतके वाजतात की टॅपेटचा संशय येणं साहजिक आहे. त्यावर उपाय सोपा आहे. डॅशबोर्डवरचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. टिकटिक थांबली तर ती गॅसच्या इंजेक्टरची होती, विषय संपला.

टॅपेटचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळ्या टिकटिकीचं खापर त्याच्यावरच फुटतं.

कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये टॅपेट असतो आणि तिथे थोडी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होणार नाही. ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची असते, एक्झॉस्टच्या बाजूला बहुधा किंचित जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. अॅम्बॅसेडर, मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० या सगळ्यांत ही फट स्क्रू आणि चेकनटने बसवायची असे. फिलर गेजची पाती आत सरकवायची, हाताला हलकी ओढ लागली की नट आवळायचा. टॅपेट सेटिंग हे त्या काळच्या मेकॅनिकचं सही करण्याइतकं नेहमीचं काम होतं आणि थंड इंजिनावर करायचं की गरम, यावर गॅरेजागणिक वाद होते. खरं उत्तर कंपनीच्या पुस्तकात असतं: थंड आणि गरम इंजिनाच्या फटी वेगळ्या दिलेल्या असतात, ज्या अवस्थेत मोजाल त्या अवस्थेचा आकडा धरायचा.

नगरच्या एका पिढीला टॅपेट हा शब्दच उशिरा कळला. नगरच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची १९७२ ची लुना टू-स्ट्रोक होती. तिच्यात व्हॉल्व्हच नव्हते, मग टॅपेट कुठून येणार?

हायड्रॉलिक टॅपेट आले आणि फट बसवण्याचं काम तेलावर गेलं. इंजिनाच्या तेलाचा दाब एका छोट्या दट्ट्याला वर ढकलून फट आपोआप भरून काढतो. मोटारीत ही सोय १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ पासून आहे, आपल्याकडे ती सर्रास दिसायला मात्र फार उशीर लागला. बुलेटवाल्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे: जुन्या ओतीव लोखंडाच्या इंजिनात टॅपेट हाताने बसवायचा, २००९ च्या सुमारास आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात हायड्रॉलिक. हायड्रॉलिक टॅपेट वाजायला लागला तर आवळायला स्क्रूच नसतो. तेल पोचत नाही, तेल घाण आहे किंवा टॅपेटच अडकलाय, या तीनपैकी एक. तरीही ‘टॅपेट सेटिंग करून देतो’ असं सांगून अशा गाडीचे पैसे घेणारे भेटतात, म्हणून आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे मालकाने स्वतः माहीत करून घ्यावं. तिसरा प्रकार बकेट टॅपेटचा. त्यात फट असते, पण ती बदलायला बकेट किंवा त्यावरची चकती वेगळ्या जाडीची बसवावी लागते. हे काम पान्हा घेऊन अर्ध्या तासात होणारं नव्हे.

आता एक उलटी गोष्ट. वाजणाऱ्या टॅपेटची जेवढी भीती बाळगली जाते, त्याच्या निम्मी तरी गप्प झालेल्या टॅपेटची बाळगायला हवी. गॅस कोरडं इंधन आहे; पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हच्या बैठकीला जो थोडा ओलावा आणि थंडावा मिळतो तो गॅसवर मिळत नाही. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत बैठक झिजत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होते. गाडी दिवसेंदिवस शांत होते, मालक खूश. मग एका सकाळी ती एका सिलिंडरवर मिस मारायला लागते, कारण व्हॉल्व्ह पुरता न मिटता जळलेला असतो. सीएनजीवर चालणाऱ्या, स्क्रूवाल्या टॅपेटच्या गाडीत आवाज नसला तरी फट तपासून घ्यावी.

तेलाचा मुद्दा सगळ्यांत मोठा. टिकटिकीच्या दहा गाड्या आल्या तर त्यांतल्या बऱ्याच डिपस्टिकवरच निकालात निघतात, असं जाणता मेकॅनिक तुम्हाला सांगेल. गाडी सपाट जागेवर लावायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग डिपस्टिक काढायची. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर वरच्या भागाला तेल अपुरं पोचतं. पातळी वरच्या खुणेच्याही बरीच वर असेल तरी चांगलं नाही. क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि फेसातली हवा हायड्रॉलिक टॅपेटला आधार देत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत पातळी आपोआप वर चढू शकते. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. गाडी रोज घर ते मळा आणि मळा ते घर अशी दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ही सफाई अर्धवट राहते आणि डिझेल तेलात उतरत राहतं. तेल पातळ होतं, वास डिझेलचा येतो, टिकटिक सुरू होते. सोनईच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या बीएस-६ पिकअपवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. अधूनमधून घोडेगावपर्यंत जाऊन महामार्गावर पाऊण तास एका वेगाने गाडी पळवली तर तिचंच भलं होतं.

आमच्या भागातला सर्वांत नेहमीचा गुन्हा ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल मोटारीत ओतण्याचा. शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी २०डब्ल्यू-४० चा डबा असतोच. गाडीचं तेल कमी झालेलं दिसलं की तेच ओतलं जातं. जाड तेलाने आवाज दबतो हे खरं. मारुती ८०० च्या काळात त्याने फारसं बिघडतही नसे. पण आजच्या पेट्रोल गाड्यांना कंपन्या ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ तेल सांगतात, कारण त्यांची तेलाची छिद्रं, टॅपेट, चेन टेन्शनर सगळं त्या पातळपणाच्या हिशेबाने घडवलेलं असतं. डिसेंबरातल्या पहाटे सोनईत पारा दहा अंशांच्या आसपास आला की जाड तेल वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. पहाटेची टिकटिक ट्रॅक्टरच्या तेलाने वाढते आणि दुपारची दबते. मालकाला दुपारचीच आठवते.

१.३ मल्टीजेट हे इंजिन या साऱ्या चर्चेत घ्यावंच लागतं. फियाटचं हे १,२४८ सीसीचं इंजिन आपल्याकडे इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की मोटार-पत्रकार त्याला गमतीने राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो सगळीकडे तेच. फियाटचा कारखाना नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ च्या तोंडावर डिझेल सोडलं, तरी जुन्या स्विफ्ट आणि डिझायर गावोगाव धावतायत. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत आणि कॅम चेनवर फिरतो. तेल साधारण तीन लिटर मावतं. तीन लिटरातलं अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तर काय होतं ते सांगायला नको. चेनचा टेन्शनरही तेलाच्या दाबावर चालत असल्यामुळे तेलाची आबाळ झाली की आधी सकाळच्या स्टार्टला खडखड आणि पुढे चेन सैल पडून उडी. चेनने दात सोडले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. या इंजिनाच्या बाबतीत मी कोणाच्याच ‘काही होत नाही’वर विश्वास ठेवणार नाही. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर चेन तपासा.

थंड स्टार्टला एक-दोन सेकंद टिकटिक होऊन थांबणं मात्र बहुतेक इंजिनांना माफ असतं. रात्रभरात तेल खाली उतरतं, सकाळी वर चढायला क्षणभर लागतो. तो क्षण लांबत गेला असेल तर तेलाच्या फिल्टरकडे पाहा. चांगल्या फिल्टरमध्ये तेल परत खाली येऊ न देणारा रबरी पडदा असतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये तो ताठर असतो किंवा नसतोच. फिल्टरवर केलेल्या या बचतीचं खापर टॅपेटच्या माथी फुटतं.

तेल पुरेसं आहे, ताजं आहे, योग्य नंबरचं आहे आणि तरी टिकटिक आहे, तेव्हा दाब मोजायचा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटलेला नाही म्हणजे दाब ठीक, असं समजणारे मालकच नव्हे, मेकॅनिकही आहेत. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावर पेटतो. खरा दाब कळायला दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी गेज लावावं लागतं; जुना ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांना सुमारे १० पीएसआय दाब हवा. दाब कमी निघाला तर ऑइल पंप बदलायची घाई करण्याआधी गाडीखाली वाकून तेलाचा चेंबर पाहावा. खडीच्या रस्त्यावर, उसाच्या फडात किंवा उंच स्पीडब्रेकरवर चेंबरला पोचा आला की आतल्या स्ट्रेनरचं तोंड चेंबरच्या तळाला टेकतं आणि पंपाला तेल ओढता येत नाही. बाहेरून फक्त एक चेपलेली वाटी दिसते. हे निदान चुकल्यामुळे पंप, टॅपेट आणि बेअरिंगपर्यंत सगळं बदललं जातं आणि आवाज तसाच राहतो. चेंबर सरळ करणं किंवा बदलणं त्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

तेलाशी काही संबंध नसलेल्या टिकटिकीही आहेत आणि त्या स्वस्त असतात म्हणून बहुधा कुणाला सुचत नाहीत. मॅनिफोल्डचा एखादा स्टड तुटला किंवा पॅकिंग जळलं की थंड असताना टकटक येते आणि गाडी तापली की लोखंड फुगून फट बुजते. आवाज थांबला, मालक म्हणतो इंजिन गरम झाल्यावर ठीक होतं, मेकॅनिक म्हणतो टॅपेट. फुटलेल्या जागेपाशी काजळीची काळी रेघ दिसते का ते पाहिलं तर वाद मिटतो. डिझेलमध्ये नोझलखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं की फुस्-फुस् असा, टिकटिकीहून थोडा मऊ आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तो दिसला तर वेळेत वॉशर बदला. उशीर झाला तर नोझल हेडमध्ये इतकं घट्ट बसतं की काढताना हेडच जातं. बेल्टवरच्या पुलीचं बेअरिंग टिकटिकत असेल तर बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंद चालवा, लगेच कळेल. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर जास्त वेळ चालवू नका. आणि सायलेन्सरवरचा पत्रा ढिला झाला असेल, तर लाकडाच्या काठीने दाबून पाहण्याइतकं सोपं निदान दुसरं नाही.

खरी भीती ज्या आवाजांची बाळगायची, ते फार करून टिकटिक या वर्गात बसतच नाहीत. पिस्टन बोअरमध्ये डुलतो तेव्हा थंड इंजिनात ठकठक येते आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की ती कमी होते. हे वर्षानुवर्षं चालू शकतं आणि घाई नको. पिस्टनमधली गजन पिन आणि क्रँकवरचं बिगेंड यांचं तसं नाही. बिगेंडचं बेअरिंग गेलं की खालून, चेंबरच्या बाजूने खोल ठोका येतो, लोड दिला की वाढतो, गाडी तापली की आणखी वाढतो. टॅपेटचा आवाज वरून आणि हलका येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ऐकलं तर वर आणि खाली यांतला फरक स्पष्ट होतो. फिरत्या बेल्टपासून लांब राहून, एवढंच. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाचा ठोका बदलला की शेतात उभ्या माणसाला कळायचा; त्या पिढीच्या कानाला या फरकाची सवय होती. आजची इंजिनं इतक्या आवरणांखाली झाकलेली असतात की कानाला जागाच मिळत नाही.

खात्रीसाठी सिलिंडर कट करून पाहतात. एकेका सिलिंडरचं प्लग किंवा इंजेक्टरचं कनेक्शन काढलं आणि ठोका मंदावला, तर त्याच सिलिंडरचं बेअरिंग किंवा पिन. आवाज तसाच राहिला तर बहुधा टॅपेट. जुन्या पंप-नोझलच्या डिझेलवर आणि ट्रॅक्टरवर मेकॅनिक नोझलच्या पाइपचा नट ढिला करून हेच करतात. कॉमन रेल गाडीवर हे कधीही करू नका. त्या पाइपातला दाब हजार बारच्याही वर जातो. त्यातून निसटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. असं काही झालं तर दुखत नसलं तरी थेट मोठ्या दवाखान्यात जावं.

कान की यंत्र, हा वाद आपल्याकडे जुन्या आणि नव्या मेकॅनिकांत रंगतो. आवाज मोजण्याचं शास्त्र आपल्या जवळपासच वाढलेलं आहे. नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई आहे. पुण्याला १९६६ पासून एआरएआय आहे. गाडीचा आवाज आणि थरथर मोजणं हे अशा संस्थांचं रोजचं काम. पण त्यांच्या प्रयोगशाळेतलं काही सोनईच्या गॅरेजात येत नाही. येतो तो स्कॅनर, आणि स्कॅनरला टिकटिक ऐकू येत नाही. मिसफायर, टायमिंगची तफावत, रेलचा दाब अशा टिकटिकीच्या परिणामांचे कोड तो सांगतो. कोड नाही म्हणजे दोष नाही, हा निष्कर्ष चुकीचा. तरी यंत्राने इंजिन ऐकण्याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. ह्युंदाईने २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. क्रँक बनवतानाचे धातूचे कण तेलाच्या मार्गात राहून बिगेंड बेअरिंगचं तेल अडत होतं. पुढे कंपनीने गाडीतल्याच नॉक सेन्सरला नवं सॉफ्टवेअर दिलं. बेअरिंग जायच्या आधीची थरथर त्याने ओळखायची आणि इंजिनाची ताकद कमी करून चालकाला सावध करायचं. लाखो गाड्यांत कान बसवला गेला तो बिगेंडसाठी, टॅपेटसाठी नव्हे. कशाला घाबरायचं, याचा क्रम त्यावरून समजावा.

व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवून निदान मागणारेही वाढलेत. फोनचा माइक बारीक आवाज आपोआप मोठा करतो आणि खोल ठोका जवळजवळ गाळून टाकतो. म्हणजे निरुपद्रवी टिकटिक भयंकर वाटते आणि खरं संकट ऐकूच येत नाही. लय मोजायला फोन उत्तम, आवाजाची जात ठरवायला नको.

टिकटिक थांबवण्याच्या बाटल्यांविषयी थोडक्यात. घाण झालेला हायड्रॉलिक टॅपेट डिटर्जंटयुक्त चांगल्या तेलाने, एक-दोन तेलबदल लवकर केल्याने बऱ्याचदा मोकळा होतो. बाटलीतला फ्लश जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात ओतला तर सुटलेला गाळ थेट स्ट्रेनरवर जाऊन बसू शकतो. मी बाटली घेणार नाही. आणि इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमुळे टॅपेट वाजतात ही सध्याची नवी तक्रार. नगर जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात, त्यामुळे इथे या विषयावर प्रत्येकाला मत आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि मायलेज यांबद्दलच्या तक्रारींत तथ्य असू शकतं. पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे चढावर येणारं नॉकिंग त्याने वाढायचं कारण नाही. आणि टॅपेटच्या फटीचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं करावं: सौद्याच्या दिवशी गाडी आधीपासून चालू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला सांगावं. बॉनेटवर हात ठेवावा. गरम असेल तर परत यावं. जाड तेल भरून आवाज दाबलेली गाडी थंड स्टार्टच्या पहिल्या मिनिटात पकडली जाते, नंतर नाही.

आता सुरुवातीला बाकी ठेवलेला पैशाचा मुद्दा. डिपस्टिक पाहणं, काजळीची रेघ शोधणं, बेल्ट काढून ऐकणं, दाब मोजणं, सिलिंडर कट करणं या सगळ्याला मिळून तासभर लागतो आणि त्या तासाचे पैसे द्यायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. ‘नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?’ असं विचारून गिऱ्हाईक चहा पाजतं आणि निघतं. मेकॅनिकला पैसे मिळतात ते पार्ट बदलल्याचे आणि इंजिन खोलल्याचे. मग तो खोलायचं सुचवतो, यात नवल काय? डॉक्टरची तपासणी फी आणि औषधाचं बिल वेगळं असतं हे आपण मान्य केलंय. गॅरेजला हा हक्क अजून दिलेला नाही. सोनई, घोडेगाव, राहुरी परिसरातल्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे की एक ऑइल प्रेशर गेज घ्यावं आणि तपासणीचा दर पाटीवर लिहावा. आणि गाडीमालकांना सांगणं असं की तो दर खळखळ न करता द्यावा. तपासणीत ‘इंजिनाला काही झालेलं नाही, चेंबर चेपलाय’ एवढंच निघालं, तरी ते पैसे वसूल झाले असं समजा.